सड्यावर बोअरचं मशीन आलंय आणि आमचा वाडा कुठल्याच कागदावर नाही

गव्याचाशेजारी, रविवार रात्री १०:५०

राम राम मंडळी. दोनेक वर्षं इथं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी घाटमाथ्यावरच्या एका धनगरवाड्यातला. तालुका मुद्दाम लिहीत नाही. सध्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत मोल्डिंगला आहे, महिन्यातनं एकदा वर जातो. एसटी उतरलं की दीड तास चढ. वाड्यावर एकोणीस उंबरे, सगळे गवळी धनगर. म्हशी, नाचणी, थोडी वरी. निम्मी पोरं माझ्यासारखी खाली कामाला.

गेल्या आठवड्यात गेलो तर सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळावर, लोखंडी तिकाटणं उभं. डिझेल इंजिन धडधडतंय, ताडपत्री ठोकलेली, आणि लाकडी खोक्यांत दगडाचे गोल दांडके काकड्यांसारखे ओळीनं लावून ठेवलेले. वाड्यावर आनंदीआनंद. आज्जी म्हणाली, "सरकारनं बोअर धाडलाय, आता उन्हाळ्यात झऱ्यावर रांग लावाय नको." मी जाऊन मशीनवाल्यांना विचारलं. परराज्यातली पोरं, नीट बोलली. म्हणाली, पाणी काढायला नाही आलोय, इथं पाणी ठेवायचंय, म्हणून खालचा दगड बघतोय.

खाली गावात येऊन चौकशी केली. एका खुर्चीवरच्या साहेबांनी सांगितलं, "हरित ऊर्जेचं काम आहे, पर्यावरणाचं. जागा राखीव जंगलाची. त्यात तुमचा काय संबंध?" संबंध काय सांगू? आमच्या म्हशी दिवाळीपास्नं शिमग्यापर्यंत त्या सड्यावर असतात. आमची मेलेली माणसं तिथंच कडेला आहेत. पण सातबाऱ्यावर आम्ही नाही, हे त्यांचं खरंय.

आता गंमत बघा. वीज आमच्या डोक्यावर तयार होणार म्हणतात, आणि वाड्यावर जूनमध्ये गेलेली लाइट गणपतीला येते. चुलतीला मागच्या पावसाळ्यात घोंगड्याच्या झोळीतनं खाली आणली. बाळ वाटेतच झालं. दोघं बरी आहेत.

विचारायचं एवढंच. वनहक्क कायदा म्हणून काहीतरी आहे असं ऐकलंय, तो आम्हाला लागतो का? सगळे म्हणतात तो आदिवासींचा, तुम्ही धनगर. आणि पुरावा कसला द्यायचा?

तांबडापांढरा, रविवार रात्री ११:१२

"पाणी काढायला नाही, ठेवायला." भावा, काळजात गेलं हे. मला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, धागा वर राहावा म्हणून लिहितोय. जाणकार येतीलच.

ट्रान्सफॉर्मर, सोमवार सकाळी ६:३०

वीज मंडळात तेहतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी कोयनेत. १३ मार्च १९९९ ला पहिलं लेक टॅपिंग (जलाशयाच्या तळाला भोक पाडून बोगद्यात पाणी घेणं) झालं तेव्हा मी तिथं होतो. त्यामुळं ते खोक्यातले दांडके म्हणजे काय ते सांगू शकतो. बोगदा आणि जमिनीखालचं वीजघर खोदायचं असेल तर आधी खडकाचा नमुना काढतात. म्हणजे तुमच्याकडे पंप स्टोरेजचा अभ्यास चालू असावा.

हे काम कसं चालतं तर दोन तळी, एक वर, एक खाली. दुपारी सौर वीज मुबलक असते, तेव्हा ती वापरून पाणी वर चढवायचं. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे-पंखे-गिरण्या चालू झाल्या की तेच पाणी खाली सोडून वीज घ्यायची. १०० युनिट खर्चून चढवलं तर उतरताना ७५ ते ८० हाती लागतात. तोटा आहेच, पण सूर्य मावळल्यावर कामाला येणारी वीज आहे ती. नवल काही नाही, घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प २००८ पासून चालतोय. कोकणाकडं तुटणारा कडा आणि वर सपाट सडा असं जिथं असेल तिथं अभियंत्याच्या तोंडाला पाणी सुटणारच. सह्याद्री म्हणजे त्यांना तयार जिनाच.

आपल्याच जिल्ह्यात पाटगावच्या पाण्यावर अदानी समूहाचा २१०० मेगावॅटचा प्रस्ताव आहे, खालचं टोक सिंधुदुर्गात अंजिवड्याकडं. वेदगंगेचं पाणी जाणार म्हणून भुदरगडात विरोध झाला तो सर्वांना आठवत असेल. तिथं बोलायला शेतकरी होते, उसाचं पाणी होतं, म्हणून पेपरात आलं. सड्यावर चरणाऱ्या म्हशीचं पेपरात येत नाही.

एक मात्र सांगतो, तंत्र म्हणून मला यात खोट दिसत नाही.

भट्टीवाला, सोमवार सकाळी ९:०५

ट्रान्सफॉर्मर काकांशी सहमत. माझी छोटी फौंड्री आहे, दोन इंडक्शन भट्ट्या. हीट चालू असताना दहा मिनिटं लाइट गेली तर काय होतं ते धागाकर्त्याला सांगायला नको, तो मोल्डिंगलाच आहे. बाहेरदेशीचं गिऱ्हाईक आता दराच्या आधी विचारतं, वीज कोळशाची का हिरवी? उद्या कोळसा बंद करायचा, सड्यावर तळं नको, गायरानात सौर पॅनेल नको, डोंगरावर पवनचक्की नको. मग भट्टी काय शेणीवर पेटवू?

एकोणीस घरांसाठी लाखो लोकांची वीज अडवायची का, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच पाहिजे म्हणून विचारतोय. चांगली भरपाई द्या, खाली गावात पक्की घरं द्या, रस्ता, दवाखाना, शाळा सगळं मिळेल. झोळीतनं बाई आणायची वेळ येणार नाही.

करवंद, सोमवार दुपारी २:२०

भट्टीवाले दादा, भरपाई कुणाला द्यायची? ज्याचं नाव कागदावर आहे त्यालाच ना. यांचं नावच नाही, म्हणजे यांना हलवायला भरपाईही लागत नाही. "अतिक्रमण" एवढा शब्द पुरतो. तुमच्या प्रश्नाच्या आधीचा प्रश्न तो आहे.

आता धागाकर्त्याला. मी या कामात नऊ वर्षं आहे, राधानगरी-शाहूवाडी पट्ट्यात बरीच पायपीट झालीय.

पहिलं, कायदा तुम्हाला लागतो. त्याचं नावच "अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम, २००६" असं आहे. लोक पहिला अर्धा वाचतात आणि दार लावतात. तुम्ही दुसऱ्या अर्ध्यात आहात. फरक एवढाच की आदिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून तिथं असल्याचं दाखवावं लागतं, आणि तुम्हाला त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या. कायद्यात पिढी म्हणजे २५ वर्षं. हिशेब केला तर १९३० सालापर्यंत मागं जावं लागतं. तेव्हा तुमच्या वाड्यावर कागद कुणाकडं होता? कुणाकडंच नाही. इथंच निम्मे दावे मरतात.

पण यात एक बारकावा आहे आणि तो कचेरीत मुद्दाम सांगितला जात नाही. ७५ वर्षांची अट राहण्याची आणि जंगलावर पोट असण्याची आहे. अमुक एक तुकडा ७५ वर्षं तुम्हीच कसत होता, असं दाखवायचं नाही. शेताचा ताबा २००५ च्या त्या तारखेचा चालतो. आणि पुरावा म्हणजे फक्त शिक्क्याचा कागद नव्हे. नियम १३ काढून वाचा: पडक्या घरांचे चौथरे, बांध, जुन्या विहिरी, दफनाच्या जागा, देवाची ठिकाणं, वंशावळ, आणि दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांचे लेखी घेतलेले जबाब. यातले दोन पुरावे पुरतात. अमुकच कागद आण, असा हट्ट समितीला धरता येत नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट आलंय.

दुसरं, वैयक्तिक दाव्यावर थांबू नका. घरामागची दोन पट्ट्या नाचणी मिळेल आणि सडा जाईल. चराईचा, पाण्याचा, देवराईचा सामूहिक दावा वेगळ्या नमुन्यात टाका. सडा तुमचा "मालकीचा" कधीच नव्हता आणि तसं म्हणूही नका. तो वापराचा आहे, आणि वापराचा हक्कसुद्धा कायद्यातला हक्क आहे.

तिसरं, ग्रामसभा. खालच्या गावच्या सभेत तुम्ही पन्नास-साठ आणि ते हजार-दीड हजार. वनहक्काच्या ठरावाला निम्मे सभासद हजर लागतात, त्यात एकतृतीयांश बायका. तिथं गणपूर्तीच होणार नाही. वस्तीची वेगळी सभा मागा, तसा लेखी अर्ज द्या. कोल्हापूर जिल्हा पेसाखाली (आदिवासी भागांतल्या ग्रामसभांचा कायदा) येत नाही म्हणून काही अधिकारी मान हलवतील. वनहक्क कायदा पेसावर अवलंबून नाही, हे ठामपणे पण गोड बोलून सांगा.

आणि मशीन कुणाच्या परवानगीनं आलं, त्या परवानगीची प्रत माहिती अधिकारात मागा. दहा रुपये आणि तीस दिवस.

सह्यगिरी_९६, सोमवार सायंकाळी ५:४०

धनगरांना अनुसूचित जमातींत (एसटी) घेतलं असतं तर ही वेळच आली नसती. ७५ वर्षांची अट आपोआप गेली असती. आधी त्यावर बोला.

पन्हाळकर, सोमवार सायंकाळी ५:५५

घेतलं असतं तर खऱ्या आदिवासींच्या ताटातलं गेलं असतं. उच्च न्यायालयानं २०२४ मध्ये याचिका फेटाळल्यात, वाचा जरा.

(पुढचे सोळा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. आरक्षणावर तिथं भांडा. इथं एका वाड्याची जमीन जाते आहे. व्यवस्थापक)

बिंदूचौक, सोमवार रात्री ९:३०

उशिरा आलो. हलवलेले प्रतिसाद वाचले नाहीत, वय झालं.

भट्टीवाले, तुमचा प्रश्न जुना आहे. शंभर वर्षांपूर्वी मुळशीत हाच विचारला गेला. टाटांचं धरण, वीज मुंबईला, गिरण्यांना. त्या काळात कोळशाच्या धुरापुढं पाण्याची वीज म्हणजे स्वच्छच म्हणायची. मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रह धरला, "जान किंवा जमीन" म्हणत बांधावर बसले. पांडुरंग महादेव बापटांना सेनापती ही पदवी त्याच लढ्यानं दिली. १९२४ पर्यंत लढा विझला, धरण झालं. तेव्हा सरकार इंग्रजांचं होतं, हे आपल्याला सांगायला बरं पडतं.

कोयना तर आपलं सरकार, आपलं धरण. महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणायचो आम्ही, आणि खोटं नव्हतं ते, पोरगा असताना त्या विजेवर अभ्यास केलाय. पण पुनर्वसनाचा कायदा राज्यात आला १९७६ ला, आणि धरण त्याच्या डझनभर वर्षं आधीच भरलं होतं. मग त्या माणसांचं काय झालं? श्रमिक मुक्ती दलाबरोबर भारत पाटणकरांच्या मोर्च्यांत मी कोयनेचे प्रकल्पग्रस्त पाहिलेत. उठवलेल्यांची नातवंडं आजोबाच्या जमिनीचा कागद मागत बसलेली. तीन पिढ्या. तुमच्या कायद्यातल्या ७५ वर्षांची गंमत वाटते मला. एकाला तीन पिढ्या राहिल्याचं सिद्ध करायला लावायचं आणि दुसऱ्याला तीन पिढ्या वाट बघायला.

आपण कोल्हापूरकर आंदोलनात हुशार, असा एक समज आहे. टोल घालवला आपण. एन. डी. पाटील सर पुढं, मागं सगळं शहर. पण ते जमलं कारण प्रत्येक घरातली गाडी त्या नाक्यावरून जात होती. हायकोर्टाच्या खंडपीठासाठी वकिलांनी वर्षानुवर्षं रेटा लावला, तेही जमलं. या एकोणीस घरांना चौक नाही हो. ते बसणार कुठं आणि बघणार कोण? म्हणून त्यांना कागदच लागणार.

आता कामाचं. १९३० चा पुरावा म्हटल्यावर सगळे हात टेकतात. पण १ मार्च १९४९ पर्यंत हे संस्थान होतं. तुमचं जंगल इंग्रजांच्या दप्तरात शोधू नका, करवीर दरबारच्या दप्तरात शोधा. कोल्हापूरला पुराभिलेखागार आहे. चराईचे, गुरांच्या पट्टीचे, जंगल खात्याचे कागद मोडीत असतात. मला मोडी येते. डोळे पूर्वीसारखे राहिले नाहीत, पण भिंग आहे. घरात कुणाच्या ट्रंकेत, उतरंडीत, देवाच्या फळीवर जुना चिटोरा असेल तर तो टाकू नका. धुऊ तर मुळीच नका.

फ्योर्डातला_पैलवान, मंगळवार रात्री १:१५ (तिकडं रात्र, इकडं संध्याकाळ)

मी मूळचा गंगावेशीतला, सहा वर्षं ट्राँडहाइममध्ये. इथून जवळच फोसेन म्हणून भाग आहे. तिथली गोष्ट सांगतो, कारण म्हशींच्या जागी रेनडिअर घातले की तुमचीच आहे.

सामी म्हणून इथले मूळचे लोक. रेनडिअर पाळतात, उन्हाळ्यात एकीकडं, हिवाळ्यात एकीकडं. त्यांच्या हिवाळी कुरणावर १५१ पवनचक्क्या उभ्या केल्या. पवनचक्क्यांखाली गवत तसंच असतं, कुंपणही नाही. कंपनीचं म्हणणं, चरू द्या की खुशाल. पण रेनडिअर फिरत्या पात्याजवळ जातच नाही. म्हणजे जागा आहे आणि नाही.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ११ ऑक्टोबर २०२१ ला अकराच्या अकरा न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की परवाने बेकायदा आहेत, कारण नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम २७ मोडतंय. अल्पसंख्य समूहाला स्वतःची संस्कृती जगण्याचा हक्क, त्यात त्यांचं गुरं राखणंही आलं. हरित ऊर्जेची गरज कोर्टानं नाकारली नाही, पण त्या नावाखाली हा हक्क तुडवता येणार नाही म्हणाले. जाता जाता सांगतो, त्या करारावर आपल्या देशाचीही १९७९ पासून सही आहे.

त्यानंतर काय झालं? काही नाही. निकालाला ५०० दिवस झाले तेव्हा सामी पोरापोरींनी ऑस्लोत मंत्रालयाची दारं अडवली, पारंपरिक पोशाख उलटा घालून. मंत्र्यानं माफी मागितली. पुढं २०२३ च्या शेवटी आणि २०२४ ला तडजोडी झाल्या, दरसालची रक्कम, हिवाळ्यासाठी दुसरं कुरण वगैरे.

भट्टीवाला, मंगळवार सकाळी ८:४०

आणि पवनचक्क्या?

फ्योर्डातला_पैलवान, मंगळवार सकाळी ११:५०

फिरतात अजून.

भट्टीवाला, मंगळवार दुपारी १२:०५

नॉर्वेसारख्या देशात सर्वोच्च न्यायालयात जिंकूनही फिरतात. मग आमच्या सड्याचं काय घेऊन बसलात. हे मी टोमणा म्हणून नाही बोलत, पोराला खोटी आशा लावू नका म्हणून बोलतोय.

करवंद, मंगळवार दुपारी १:३०

दादा, मला त्यातून उलटं दिसतं. तिथं आधी चक्क्या उभ्या राहिल्या आणि मग निकाल आला. उभं राहिलेलं कुणी पाडत नाही. म्हणून दावा आत्ता, मशीन सड्यावर असतानाच. दाव्याच्या पोचपावतीवर तारीख पडू दे. त्यानंतर जे काही होईल ते "माहीत असताना" केलेलं ठरतं.

काळाकोट, मंगळवार रात्री १०:००

करवंद यांचं बरोबर आहे, थोडी भर आणि थोडं थंड पाणी.

भर अशी की वनहक्क कायद्याच्या कलम ४(५) प्रमाणे दाव्यांची तपासणी पूर्ण होईपर्यंत वननिवाशाला हलवता येत नाही. प्रांतांच्या समितीनं दावा नाकारला तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडं जाता येतं. तारीख सांभाळा, मी डोळ्यांदेखत चांगले दावे फक्त मुदत टळली म्हणून बुडताना पाहिलेत. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या खाणीचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल सगळे सांगतात, २०१३ चा. बारा ग्रामसभांना विचारलं, बारांनीही नाही म्हटलं, खाण थांबली. खरं आहे.

थंड पाणी असं की २००९ च्या परिपत्रकानं जंगलजमीन वळती करण्याच्या प्रस्तावाबरोबरच ग्रामसभेची संमती लागायची. २०२२ च्या वन संवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ते बघायची गरज काढून टाकली, वनहक्काचं काय ते पुढं राज्यानं बघावं म्हणून. म्हणजे दिल्लीचा होकार आधी, तुमचा विचार नंतर. अशा वेळी राज्याच्या टेबलावर तुमचा दावा आधीपासून पडलेला असणं हीच ताकद.

वेळ आलीच तर पूर्वीसारखी मुंबई गाठायला नको. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय. माझ्या अशिलांचा निम्मा खर्च रेल्वे आणि लॉजमध्ये जायचा, तो वाचला. पण कोर्ट शेवटी. आधी आज्जींचा जबाब.

गव्याचाशेजारी, एकवीस दिवसांनी, रविवार रात्री ११:३०

मंडळी, उशीर झाला, वर रेंज नाही आणि खाली ओव्हरटाइम.

आज्जीचा जबाब लिहिला. करवंद ताई स्वतः वर आल्या, चढ चढून, वर आल्या आल्या ताकाचे दोन तांबे संपवले. आज्जीला साल विचारलं की ती हसते. मग ताईंनी दुसऱ्या पद्धतीनं विचारलं. भूकंपाच्या पहाटे कुठं होता? "हितंच. उतरंड पडली, दूध सांडलं. थोरला माझ्या पोटात हुता." म्हणजे डिसेंबर १९६७. लग्न कधी झालं? "गांधीबाबाला मारलं त्याच्या फुडल्या साली मी हितं आलो." (आज्जी "आलो"च म्हणते. ताईंनी जबाबात ते "आले" असं सुधारलं नाही, तसंच ठेवलं, बरं वाटलं.) १९४९ झालं. सासरा कुठला? हितलाच. सासऱ्याचा बा? तिनं बोट केलं सड्याच्या कडेला, "त्यो थितं हाय." तिथं शेंदूर लावलेला उभा दगड आहे. मशीनपास्नं चाळीस पावलं. मोजली मी.

दुसऱ्या घरातल्या आजोबांचाही जबाब झाला, त्यांच्या सांगण्यात आणि आज्जीच्या सांगण्यात दोन ठिकाणी फरक पडला. दोघंही हट्टी. ताई म्हणाल्या, फरक राहू दे, पाठ केलेलं नाही हे दिसतं.

आणि बिंदूचौक काका, ट्रंकेत नाही, म्हशीच्या घंटांच्या गाठोड्यात एक कागद निघाला. तुमच्याकडं आणून दिला तोच. काकांनी भिंग लावून तासभर बघितला. सन १३३७ फसली, म्हणजे जुनं महसुली साल. त्यात ५९० मिळवायचे म्हणे, १९२७. चराईचे पैसे भरल्याची पावती, म्हशी चौदा, आणि माझ्या खापरपणजोबाचं नाव. वाड्याचं नाव जिथं असायला पाहिजे तिथं वाळवीनं खाल्लंय. नेमकं तिथंच.

वस्तीची सभा झाली आंब्याखाली. त्रेपन्न मतदार, एकेचाळीस हजर, बायका तेवीस. ठराव लिहायला मी बसलो आणि हात थरथरत होता, साच्यात वाळू भरताना कधी थरथरत नाही. सभेत सगळं एकमतानं झालं असं नाही. दोन घरं म्हणाली, रस्ता आणि खाली घर देत असतील तर घ्या की, किती दिवस झोळ्या वाहायच्या. चुलतीचाच नवरा त्यात. मला त्याला उत्तर देता आलं नाही. शेवटी ठरावात लिहिलं की रस्ता आणि लाइट आम्हाला प्रकल्प असो नसो पाहिजेच, तो सड्याचा मोबदला नव्हे. त्यावर त्यानंही अंगठा दिला.

दावा द्यायला तीन हेलपाटे पडले. पहिल्यांदा साहेब नव्हते, दुसऱ्यांदा शिक्का नव्हता. तिसऱ्यांदा काळाकोट वकील नुसते येऊन बाकावर बसले, काही बोलले नाहीत, पोचपावती मिळाली.

मशीन त्याच्या चार दिवस आधी गेलं होतं. काम संपलं म्हणून गेलं का आणखी मोठं यायचंय, माहीत नाही. माहिती अधिकाराचं उत्तर अजून नाही. भोक तेवढं आहे सड्यावर, वर धोंडा ठेवलाय, म्हशीचा पाय जायला नको म्हणून.

पुढच्या महिन्यात जागेवर पडताळणी आहे. वाळवी खाल्लेल्या नावावर प्रश्न येणार हे नक्की. पुराभिलेखागारात त्याच सालचं दप्तर बघायचंय, मला रजा मिळत नाही. काकांबरोबर कुणी बसू शकेल का? आणि पडताळणीच्या दिवशी आज्जी आणि ते आजोबा दोघांनाही खाली कचेरीत बोलावलंय म्हणतात. त्यांना उतरवायचं कसं?

काळाकोट, रविवार रात्री ११:५०

पडताळणी जागेवरच करायची असते. त्यांना उतरवू नका. लेखी कळवा की समितीनं वर यावं. मसुदा उद्या पाठवतो.

तांबडापांढरा, सोमवार सकाळी ७:१०

मोडी येत नाही, पण काकांना स्कूटरवर नेणं-आणणं, दप्तरं उचलणं, चहा आणणं जमेल. मंगळवार-बुधवार मोकळा आहे.

भट्टीवाला, सोमवार सकाळी ९:२०

धागाकर्त्या, कुठल्या फौंड्रीत आहेस ते व्यक्तिगत निरोपात कळव. मालक ओळखीचा असेल तर रजेचं बोलतो. माझं मत बदललेलं नाही, वीज लागणारच. समितीला आणि वकिलांना न्यायला माझी बोलेरो घेऊन जा, रस्ता संपतो तिथपर्यंत जाईल. पुढचा दीड तास त्यांचा त्यांनी चढावा.